हिंगोलीहून समुद्राकडे

प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबात दोन पक्ष असतात. "निघू तर खरे, पुढचे पुढे पाहू" असे म्हणणारा एक, आणि "आधी सगळे ठरवू, मग निघू" असे म्हणणारा दुसरा. पहिल्या पक्षाची मंडळी दाराशी उभी राहून प्रवास करतात. दुसऱ्या पक्षाची मंडळी ठरवता ठरवता घरीच राहतात. या दोन पक्षांत समेट घडवून आणावा, या हेतूने यंदाच्या दिवाळी अंकासाठी आम्ही एकच प्रवास निवडला आहे आणि तो तिकिटांसकट ठरवून द्यायचे योजले आहे. प्रवास आहे हिंगोलीहून समुद्राकडे. त्यातही मुंबई ते मडगाव हा कोकण रेल्वेचा दिवसाउजेडीचा टप्पा.

हिंगोलीच का, असे पुण्या-मुंबईचे वाचक विचारतील. त्याचे उत्तर असे की, दादरला राहणाऱ्याला प्रवासाची आखणी फारशी करावीच लागत नाही. रविवारी सकाळी मनात आले की त्याला संध्याकाळी चौपाटीवर जाता येते. पण हिंगोलीकराची गोष्ट वेगळी. त्याच्या गावची कयाधू नदीसुद्धा पश्चिमेच्या समुद्राला पाठ दाखवून वाहते. ती पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, पुढे प्राणहिता, मग गोदावरी, आणि हे सारे पाणी जाऊन पडते थेट बंगालच्या उपसागरात. म्हणजे अरबी समुद्र पाहायला निघालेला हिंगोलीकर आपल्या नद्यांच्या उलट दिशेनेच निघतो! नरसीच्या नामदेवमहाराजांचा हा जिल्हा. पंजाबात घुमानपर्यंत पोहोचलेल्या संताचे हे गाव. त्या जिल्ह्यातल्या माणसाला प्रवासाचे भय वाटू नये. आणि तरीही साठी उलटलेली, औंढ्याच्या नागनाथाला कितीदा तरी जाऊन आलेली, पंढरपूर-तुळजापूर केलेली, पण समुद्र एकदाही न पाहिलेली माणसे या भागातल्या घराघरांत आहेत. त्यांच्यासाठी ही आखणी.

आधी हिंगोलीपासून मुंबईपर्यंतचे पाहू. एके काळी पूर्णा–अकोला हा मार्ग मीटर गेजचा होता. छोट्या गाडीने पूर्ण्याला जायचे, तिथे बोचकी उतरवायची आणि मोठ्या गाडीत चढवायची, असा तो शिरस्ता होता. २००८ साली तो मार्ग रुंद झाला. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघालेला हा जिल्हा मुंबईशी थेट गाडीने जोडला गेला तो मात्र मार्च २०२४ मध्ये. जालन्यापर्यंतच येणारी मुंबईची जनशताब्दी तेव्हा हिंगोलीपर्यंत वाढवण्यात आली. ती पहाटेच्या सुमारास हिंगोलीहून निघते आणि वसमत, पूर्णा, परभणी, जालना, मनमाड, नाशिक करीत दुपार कलताना मुंबई गाठते. या गाडीत बसायच्या खुर्च्या असतात, झोपायची सोय नसते. ज्यांच्या गुडघ्यांची कुरकुर आहे, अशांनी परभणी गाठून देवगिरी किंवा नंदीग्राम या रात्रीच्या गाडीचा विचार करावा. पाठ टेकवून जाता येते.

आता एक बारीकशी गोष्ट सांगतो. ती ध्यानात ठेवाल तर त्रास वाचेल. मुंबईला येताना कल्याण आधी लागते आणि आपल्यापैकी पुष्कळांचे नातेवाईक कल्याण-डोंबिवलीकडे असतात, म्हणून तिथेच उतरून पुढची कोकणची गाडी पकडू, असे कुणाला वाटेल. पण कोकणचा फाटा फुटतो तो दिव्याला, म्हणजे कल्याण आणि ठाणे यांच्या मध्ये. मुंबईहून निघालेली कोकणची गाडी कल्याणला जातच नाही! आपली हिंगोलीची गाडीही ठाण्याला थांबते आणि मांडवी एक्स्प्रेसही थांबते. तेव्हा गाडी बदलायचे ठिकाण ठाणे. मुक्काम करायचा तर आत्याकडे, मावशीकडे, कुणाकडेही करा; पण सकाळी हजर व्हायचे ते ठाण्याच्या फलाटावर.

दुसरी गंमत नावाची. मुंबईहून मडगावलाही एक जनशताब्दी जाते. "आपल्याला जनशताब्दीचे तिकीट काढायचे आहे" एवढेच सांगून घरातल्या उत्साही पुतण्याला कामाला लावले, तर तो कोणत्या दिशेचे तिकीट काढील याचा नेम नाही. गाडीचे नाव नको, क्रमांक लिहून द्यावा.

मुंबई–मडगाव मार्गावर गाड्यांना तोटा नाही. मडगावची जनशताब्दी, तेजस आणि जून २०२३ मध्ये सुरू झालेली वंदे भारत या तिन्ही भल्या पहाटे सुटतात. त्यांच्यासाठी घरातल्या मंडळींना तीन वाजता उठवावे लागते, आणि पाहुण्यांच्या घरी तीन वाजता दिवे लावणे हे संबंध टिकवण्याच्या दृष्टीने बरे नव्हे. जनशताब्दीला २०१७ पासून मोठ्या काचांचा 'व्हिस्टाडोम' डबा जोडतात. छतालाही काच, खुर्च्याही फिरणाऱ्या. पण त्याचे भाडे ऐकून काही मंडळींची मान तिकिटाआधीच फिरते. रात्रीची कोकणकन्या सोयीची खरी. दुपारी हिंगोलीहून मुंबईत उतरायचे, रात्री अकराच्या सुमारास तीत चढायचे, लॉजचा खर्च वाचवायचा. पण वाचवलेल्या पैशांची किंमत काय द्यावी लागते? चिपळूण, रत्नागिरी, कणकवली हे सारे अंधारात निघून जाते. ज्यासाठी साडेसहाशे किलोमीटर आलात, तेच झोपेत हरवून बसता.

म्हणून आमची शिफारस मांडवी एक्स्प्रेसची. सकाळी सातच्या सुमारास मुंबईहून निघावे, संध्याकाळी मडगावला उतरावे. गाडीतल्या खाण्याचीही ख्याती आहे. तरीसुद्धा धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घ्यावी, कारण प्रवासात शेजाऱ्याला देण्यासारखे आपल्याजवळ काही असले म्हणजे खिडकी लवकर मिळते. ज्यांना एका दिशेला रात्र चालेल, त्यांनी जाताना कोकणकन्या घ्यावी आणि येताना मांडवी. मडगावहून सकाळी निघालेली मांडवी रात्री मुंबईत पोहोचते, आणि हिंगोलीची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास सुटते. मध्ये झोप होते. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात एकवार ताज्या पाहून घ्याव्यात.

आता तिकिटांचे गणित. पूर्वी आगाऊ आरक्षण एकशेवीस दिवस आधी उघडत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते साठ दिवसांवर आले, आणि या साठांत प्रवासाचा दिवस धरायचा नसतो. सकाळी आठ वाजता खिडकी उघडते. यात अडचण अशी की, आपला प्रवास एक, पण तिकिटे चार, आणि चारही वेगवेगळ्या दिवशी उघडणार. उदाहरण घेऊ. संक्रांत आटोपून १७ जानेवारीला हिंगोली सोडायची, १९ ला मांडवीत बसायचे, २२ ला मडगावहून परतायचे आणि २३ ला मुंबईहून हिंगोलीची गाडी धरायची. तर पहिले तिकीट १८ नोव्हेंबरला, दुसरे २० ला, तिसरे २३ ला आणि चौथे २४ ला. या चार तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारी लाल शाईने लिहून ठेवाव्यात. पुष्कळांचा बेत फसतो तो इथेच. जाण्याचे तिकीट हाती आले की घरात आनंदीआनंद होतो, पेढे वाटले जातात आणि येण्याच्या तिकिटाची आठवण होते ती दहा दिवसांनी!

घरबसल्या तिकीट काढणाऱ्यांनी आपले खाते आधारशी पडताळून आधीच तयार ठेवावे. ऑक्टोबर २०२५ पासून आरक्षण उघडल्यानंतरच्या सुरुवातीच्या वेळेत अशाच खात्यांना तिकीट मिळते. आठ वाजता मोबाइल हाती घेऊन आठ वाजून दहा मिनिटांनी परवलीचा शब्द शोधणाऱ्याला प्रतीक्षायादीशिवाय काही मिळत नाही. ज्यांना हे जमत नाही त्यांनी स्टेशनावरच्या आरक्षण खिडकीवर जावे; अर्ज आदल्या रात्रीच भरून, नावे ओळखपत्रावर आहेत तशीच लिहून. एका तिकिटावर सहापेक्षा अधिक माणसे बसत नाहीत. सातजणांच्या कुटुंबाची दोन तिकिटे होतात, आणि मग "आमचे वेगळे का काढले?" हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर आधीच तयार ठेवावे.

हे उत्तर खरे तर चांगलेच आहे. साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बाकांचा वेगळा कोटा असतो. पण तो त्यांचे तिकीट एकट्याचे किंवा अशाच दोघांचे असेल तेव्हा. आजी-आजोबांना नातवंडांबरोबर एकाच तिकिटावर घातले, तर आजोबांच्या वाट्याला वरचा बाक येऊ शकतो. दोघांचे तिकीट वेगळे काढले, तर खालचा बाक मिळण्याचा संभव वाढतो, मात्र डबा वेगळा येण्याचीही शक्यता असते. घरोघरी याचा निर्णय वेगळा होईल. आमचे मत विचाराल तर, ज्याचे गुडघे दुखतात त्याला खालचा बाक आधी आणि नातवंडांचा गोंधळ मागून.

प्रतीक्षायादीवर विसंबू नये. १ मे २०२५ पासून प्रतीक्षायादीतले तिकीट घेऊन आरक्षित डब्यात बसता येत नाही. खिडकीवर काढलेले असले तरी नाही. पूर्वी "चढू तर खरे, टीसी माणूसच आहे" असे म्हणून निघणारी मंडळी होती; तो काळ संपला. आरएसी मिळाले तर बसायला जागा असते, ते चालेल. शिवाय यादीयादीतही फरक असतो. गाडी जिथून निघते तिथून अखेरपर्यंत तिकीट काढणाऱ्याची यादी पुढे सरकते. मधल्या स्टेशनांच्या यादीची गाडी मधेच अडते. म्हणून तिकीट मुंबईपासून मडगावपर्यंतचे काढावे आणि चढण्याचे ठिकाण ठाणे लिहावे. चार पैसे अधिक पडतील, पण जीव थाऱ्यावर राहील. अगदीच चुकले तर तत्काळ आहे: आदल्या दिवशी वातानुकूलित डब्यांसाठी दहा वाजता आणि साध्यांसाठी अकराला. जुलै २०२५ पासून त्यालाही आधारची पडताळणी लागते, आणि तत्काळचे पक्के तिकीट रद्द केले तर पैसे परत येत नाहीत.

एक सोय फार थोड्यांना ठाऊक आहे. एका गाडीतून उतरून दुसरी धरायची असेल आणि दोन्ही तिकिटांवरची माणसे तीच असतील, तर एप्रिल २०१९ पासून ती दोन तिकिटे एकमेकांना जोडून घेता येतात. पहिली गाडी उशिरा पोहोचल्यामुळे दुसरी चुकली, तर पुढच्या न झालेल्या प्रवासाचे पैसे परत मागता येतात. जे मुक्काम न करता त्याच दिवशी कोकणकन्या धरणार आहेत, त्यांनी ही जोडणी विसरू नये.

केव्हा जावे? गणपती, दिवाळी, नाताळ आणि मे महिना या चार वेळा कोकणच्या गाड्या आपल्या नव्हेत, त्या चाकरमान्यांच्या. आपण पाहुणे आहोत, घरच्यांच्या गर्दीत पाहुण्यांनी शिरू नये. पावसाळ्यात डोंगर हिरवे आणि धबधबे भरलेले असतात हे खरे. पण तेव्हा गाड्या सावकाश चालतात. २००३ साली वैभववाडीजवळ आणि २००४ साली करंजाडीला पावसाळ्यात जे अपघात झाले, त्यांत माणसे गेली. डोंगरउतारावरून येणारे दगड हे त्या मार्गाचे खरे भय. म्हणून आता पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक असते, वेग कमी ठेवतात आणि रुळांवर गस्त घालतात. २०२५ मध्ये ते वेळापत्रक १५ जून ते २० ऑक्टोबर असे होते. आमच्या मते जानेवारीचा उत्तरार्ध सगळ्यात बरा. आपल्याकडचे सोयाबीन केव्हाच घरात आलेले असते, हळद काढायला अजून अवकाश असतो; शेताकडे पाहणाऱ्या भावालाही चार दिवस निघता येते. मुलांची शाळा चार-पाच दिवस बुडेल. बुडू द्या. खाडी म्हणजे काय, हे त्यांना पुन्हा पाठ करावे लागणार नाही.

आता एक खरे सांगणे भाग आहे. या मार्गाला लोक किनाऱ्याचा रेल्वेमार्ग म्हणतात, पण गाडी समुद्राच्या काठाकाठाने धावत नाही. ती सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या पट्टीतून जाते. खिडकीतून दिसतात त्या नद्या, खाड्या, नारळी-पोफळीच्या बागा, लाल माती आणि अंधाराचे बोगदे. "गाडीतून समुद्र दिसेल" असे सांगून आजीला खिडकीशी बसवाल, तर रत्नागिरीपर्यंत ती तुम्हांला दहा वेळा विचारील. समुद्र पाहायचा तो उतरून, पाय भिजवून. गाडीतून पाहायचे ते निराळे. तेही थोडके नव्हे.

रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग. कोकणात रेल्वे यावी म्हणून अ. ब. वालावलकर, बॅरिस्टर नाथ पै, मधु दंडवते यांच्यासारख्यांनी किती वर्षे घसा कोरडा केला! गाडी रोह्यापर्यंत आली १९८६ साली. पुढचे काम जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना, जुलै १९९० मध्ये स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळाकडे आले, ई. श्रीधरन हे त्याचे पहिले प्रमुख. २६ जानेवारी १९९८ रोजी सगळा मार्ग खुला झाला. एक्क्याण्णव बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल, एवढे काम साडेसात वर्षांत. मराठवाड्यातल्या आपण मंडळींनी ही गोष्ट मुलांना मुद्दाम सांगावी. मागणी करीत राहिल्याने रेल्वे येते, हे आपल्यालाही ठाऊक असलेले बरे.

मांडवीने दक्षिणेकडे जाताना उजवा हात समुद्राकडचा आणि डावा सह्याद्रीचा. आरक्षणात मात्र कोणत्या बाजूची खिडकी येईल, हे डबा कसा जोडला आहे यावर ठरते. त्यावरून घरात भांडू नये, अदलाबदल करावी. सावित्री ओलांडली की कोकण लागल्याची खूण पटते. खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी. उक्षीच्या आसपास पाऊसकाळ असेल तर रानपाटचा धबधबा. मग करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा; मुलांना आकडे मोजायला लावावे, तो संपेपर्यंत कुणी भांडत नाही. रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा पूल लागतो. चौसष्ट मीटर उंच, म्हणजे खाली वीस मजल्यांची इमारत उभी राहील. खाली पाहू नका, असे आजोबांना सांगितले की ते हटकून पाहतात. पुढे कुडाळ, सावंतवाडी, तेरेखोलच्या बाजूने गोवा, आणि दिवस कलताना मांडवी आणि जुवारी या दोन रुंद नद्या. तांबूस पाण्यावरून गाडी सरकते तेव्हा डब्यातले बोलणे आपोआप थांबते.

शेवटी खर्चाचे आणि माणसांचे. ज्येष्ठ नागरिकांना पूर्वी भाड्यात सवलत होती: पुरुषांना चाळीस टक्के, स्त्रियांना पन्नास. मार्च २०२० मध्ये ती बंद झाली. याचा परिणाम हिशेबाच्या वहीत दिसतो तेवढाच नाही. घरात तिकिटांची यादी होते, बेरीज होते, आणि बेरीज ऐकून म्हातारे माणूस म्हणते, "मला काय करायचंय समुद्र पाहून? तुम्ही या जाऊन. मी घर सांभाळते." मग घरातले कर्ते पुरुष म्हणतात, "बरं, पुढच्या वर्षी जाऊ आई." यात कुणाची लबाडी नसते. आईही मनापासून बोलते आणि मुलगाही. पण पुढच्या वर्षी गुडघा दुखतो, त्याच्या पुढच्या वर्षी मोतीबिंदू असतो, आणि त्याच्याही पुढच्या वर्षी विषय निघत नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच. यादी करताना पहिले नाव सगळ्यात वडील माणसाचे लिहा आणि बेरीज मागून करा. पैसे कमी पडले तर वातानुकूलित सोडून साध्या शयनयानाने जा, मडगावचे मुक्काम कमी करा, हॉटेल सोडून धर्मशाळा पाहा. पण नाव कमी करू नका. घर सांभाळायला शेजारी आहेत, कुलूप आहे. आणि जी बाई वर्षभर सगळ्यांच्या डब्यांची काळजी वाहते, तिला या वेळी डबा भरण्याच्या बदल्यात खिडकी द्या. धपाटे दोघांनी मिळून आदल्या रात्री लाटावेत.

पाडव्याला नवी वही उघडाल, तेव्हा पहिल्या पानावर श्री लिहून झाले की खाली त्या चार तारखा टिपून ठेवा. १८, २०, २३, २४. सकाळी पावणेआठला उठून बसायला कुणाला सांगायचे, तेही त्याच पानावर लिहा.